पाचशे वाक्प्रचार पाठ, तरी लेखनात सहाच: आयईएलटीएसला ‘इडियमॅटिक’ इंग्रजी म्हणजे नक्की काय हवं असतं?

गेल्या पावसाळ्यात मिरजेच्या एका रुग्णालयात काम करणारी एक सिस्टर माझ्याकडे आली. हातात स्पायरल बाइंडिंग केलेला झेरॉक्सचा जाड गठ्ठा होता. आत पाचशे इंग्रजी वाक्प्रचार आणि प्रत्येकापुढे मराठी अर्थ. निम्मी पानं हायलायटरनं पिवळी झालेली. म्हणाली, “मॅडम, यातले साडेतीनशे तोंडपाठ आहेत. रात्रपाळीत वेळ मिळाला की हेच करते. तरी दोन्ही वेळा लेखनात सहाच आले. साडेसहा पाहिजेत.”

साडेसहाची अट ब्रिटनमधली आहे. तिथं नर्स म्हणून नोंदणी करायची तर त्यांची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या अ‍ॅकॅडमिक प्रकारात ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ मागते. बाकी तिन्हींत ही मुलगी पार झाली होती. अडली होती ती अर्ध्या गुणावर, आणि प्रत्येक प्रयत्नाला पंधरा हजारांहून जास्त फी.

तिची सरावाची वही मी वाचायला घेतली. वृद्धांच्या देखभालीवर निबंध होता. त्यात एक वाक्य होतं: वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे अनेक वृद्ध ‘किक द बकेट’. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर. मी तिला विचारलं, “तुझ्या वॉर्डातले एखादे आजोबा गेले, तर बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘आजोबा गचकले’ असं सांगशील का?”

ती दचकलीच. “असं कोण सांगेल, मॅडम?”

‘किक द बकेट’चा सूर नेमका ‘गचकले’चा आहे. गठ्ठ्यात त्याच्यापुढे नुसतं ‘मरणे’ लिहिलेलं होतं.

सांगलीत विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत परदेशी जाण्याच्या तयारीचे फलक आता जागोजागी दिसतात, आणि असे गठ्ठे मुलांच्या दप्तरांतून फिरत असतात. मुलं मनापासून कष्ट करतात. ते कष्ट चुकीच्या जागी पडू नयेत, म्हणून हे सगळं मुळापासून मांडते आहे.

आधी परीक्षेची रचना

आयईएलटीएसच्या लेखनाला एक तास असतो आणि त्यात दोन प्रश्न. पहिल्याला टास्क वन म्हणतात, त्यात किमान १५० शब्द लिहायचे. अ‍ॅकॅडमिक परीक्षेत इथं एखादा आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेची आकृती देतात आणि त्यात काय दिसतं ते लिहायला सांगतात. जनरल ट्रेनिंग या दुसऱ्या प्रकारात त्याऐवजी पत्र असतं. टास्क टू म्हणजे निबंध, किमान २५० शब्दांचा, आणि त्याचं वजन टास्क वनच्या दुप्पट.

गुणांना इथं बँड म्हणतात, शून्य ते नऊ. प्रत्येक उत्तर चार बाजूंनी तपासतात: प्रश्नाला धरून लिहिलंय का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा कशी आहे, व्याकरण कसं आहे. चारही बाजूंना सारखं वजन. म्हणजे शब्दसंपदेचा वाटा एक चतुर्थांश. त्या चतुर्थांशात शब्दांची विविधता, नेमकेपणा, स्पेलिंग, शब्दाचं योग्य रूप हे सगळं आलं. वाक्प्रचार हा त्यातला आणखी छोटा तुकडा.

सिस्टर अभ्यासाचा बहुतेक वेळ त्या तुकड्यावर घालवत होती. तिच्या निबंधात दुसरा परिच्छेद प्रश्न सोडून भलतीकडे गेला होता, आणि त्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

घोळ एका शब्दाचा आहे

कुणी म्हणेल, “पण परीक्षेच्या निकषांतच ‘इडियमॅटिक’ असा शब्द आहे, आम्ही वाचलाय.” खरं आहे. २०२३ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या लेखनाच्या निकषांत सात आणि आठ बँडच्या वर्णनांत हा शब्द येतो. सातच्या उत्तरात कमी वापरातले किंवा इडियमॅटिक शब्द काही प्रमाणात वापरता आलेले दिसावेत, शैलीची आणि शब्दांच्या जोड्यांची जाण दिसावी, असं तिथं म्हटलंय. आठला ते कौशल्यानं आणि ‘योग्य तिथं’ वापरलेले हवेत.

आपण ‘इडियम’ म्हणजे वाक्प्रचार असं शाळेत शिकलो, म्हणून ‘इडियमॅटिक’ म्हणजे वाक्प्रचारांनी भरलेलं, असं धरून चालतो. इंग्रजीत या शब्दाला दुसराही अर्थ आहे आणि इथं तो महत्त्वाचा आहे: ती भाषा बोलत वाढलेला माणूस सहज जसं म्हणेल तसं. ‘मला भूक लागली’ हे इडियमॅटिक मराठी आहे. त्यात एकही वाक्प्रचार नाही. ‘मी भुकेला आहे’ व्याकरणात बसतं, कवितेत चालेलही, पण घरी आल्यावर असं कुणी म्हणत नाही.

त्याच निकषांत सहा बँडचं वर्णनही वाचण्यासारखं आहे. तिथं असा आशय आहे की लिहिणारा धाडसी असेल तर त्याचे शब्द जास्त विविध असतील, पण चुका आणि विजोड वापरही जास्त असेल. म्हणजे अवघड शब्दांचा आणि वाक्प्रचारांचा मारा करून जागोजागी घसरणारा उमेदवार कुठं बसवायचा, हे परीक्षा घेणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. सहामध्ये. दोनदा सहा आलेल्या त्या मुलीला मी हे वाक्य दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. आणखी खाली, चारच्या वर्णनात, पाठ केलेले साचे नको तिथं वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

ही सवय आपल्याला शाळेनं लावली

मुलांना यात दोष देता येणार नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात ‘वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ असा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलाय. कंबर कसणे: रमेशने परीक्षेसाठी कंबर कसली. झाले गुण. तिथं रमेश कोण, परीक्षा कसली, हे वाक्य कुणी कुणाला कुठं म्हणेल, हे कुणी विचारत नाही. वाक्प्रचार आला, अर्थ जुळला, बरोबरची खूण पडली.

त्या प्रश्नाचा हेतू तेवढाच आहे आणि तो ठीकच आहे. पण बारा वर्षं अशा पेपरांतून गेलेल्या मुलाच्या मनात एक समीकरण पक्कं होतं: वाक्प्रचार घातला की गुण. आयईएलटीएसमध्ये असा प्रश्नच नाही. तिथं वाक्प्रचाराला वेगळा गुण नसतो, पूर्ण लेखनातली भाषा कशी चालते ते बघतात.

तपासणाऱ्याच्या कानानं ऐकून बघा

परक्या भाषेतला बेसूर आपल्याला ऐकू येत नाही, ही खरी अडचण. म्हणून बाजू उलटवू. समजा, उत्तरेतून बदली होऊन एक अधिकारी सांगलीच्या बँकेत आलेत. मराठी शिकायची त्यांना मनापासून हौस. त्यांनी वाक्प्रचारांची यादी पाठ केली आणि वरिष्ठांना मराठीत अहवाल लिहिला: ‘या तिमाहीत कर्जवसुली करताना शाखेच्या पोटात कावळे ओरडले. काही कर्जदारांनी हातावर तुरी दिल्या. तरी आम्ही नाकात नऊ आणून उद्दिष्ट पूर्ण केले.’

कर्जदारांनी हातावर तुरी दिल्या हे अर्थानं बरोबर आहे, पण अहवालात शोभत नाही. पोटात कावळे माणसाच्या ओरडतात आणि तेही भुकेनं, शाखेच्या नाही. आणि नऊ येतात ते ‘नाकी’, ‘नाकात’ म्हटलं की वाक्प्रचार मोडला. शिवाय आपल्या नाकी ते येतात; आणतो ते दुसऱ्याच्या. तीन वाक्यांत तीन वेगवेगळ्या चुका: एकात सूर चुकला, एकात जागा चुकली, एकात रूप चुकलं. वाक्प्रचार बहुधा या तीनपैकी एका ठिकाणी घसरतो.

मराठी वाचकाला त्या अधिकाऱ्यांचं कौतुकच वाटेल. पण ‘यांची मराठी लेखनाची पातळी काय?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायला एक क्षणही लागणार नाही. त्यांनी साधं ‘वसुली करताना अडचणी आल्या, तरी उद्दिष्ट पूर्ण झाले’ लिहिलं असतं, तर भाषा कितीतरी पक्की वाटली असती.

इंग्रजीतही हेच होतं. ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपल्याकडच्या प्रत्येक यादीत पहिल्या पानावर असतं. आज इंग्रजी बोलणारी माणसं ते फारसं म्हणतच नाहीत, आणि हवामानबदलावरच्या निबंधात तर ते अगदीच विजोड दिसतं. ‘पीस ऑफ केक’ मैत्रिणीशी बोलताना ठीक. ‘नुक अँड कॉर्नर’ आपण भारतात सर्रास लिहितो; ब्रिटनमध्ये तिथं ‘नुक अँड क्रॅनी’ म्हणतात. आणि ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ हे वाक्य आपल्याकडच्या निबंधांच्या सुरुवातीला इतक्यांदा येतं, की ते वाचून लिहिणाऱ्याला इंग्रजी किती येतं याचा काहीच पत्ता लागत नाही.

मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, ते कधी जवळून बघा. धागा तोच, तार तीच. जागेवर बसला की तार गुंजते, केसभर सरकला की मुकी होते. नेमका शब्द नेमक्या जागी म्हणजे काय, हे मला तरी त्याहून चांगलं कुठं दिसलेलं नाही.

शब्दांच्या सोयरिकी

मग कमवायचं काय? तर शब्दांच्या जोड्या. इंग्रजीत त्याला कोलोकेशन म्हणतात. मी वर्गात ‘सोयरीक’ म्हणते. कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या घरी नांदतो, ते.

मराठीत आपल्याला हे न शिकता येतं. पाऊस पडतो, थंडी पडते, ऊन पडतं. वारा मात्र सुटतो. ताप येतो, धाप लागते, उलटी होते. ‘मला धाप झाली’ किंवा ‘उचकी पडली’ असं एखादा पेशंट म्हणाला, तर सिस्टर काय समजायचं ते समजेल, पण माणूस इथला नाही हेही तिला कळेल. हे असंच का, याला नियम नाही. सोयरीक जुळलीय, एवढंच.

आपलं ‘जोराचा’ सगळीकडे चालतं: जोराचा पाऊस, जोराचा वारा, जोराची भूक. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’. ताप ‘हाय’, वेदना ‘सिव्हिअर’, रक्तस्राव पुन्हा ‘हेवी’. सिस्टरला यातले सगळे शब्द सुटे येत होते. केसपेपरवर ती ‘सिव्हिअर पेन’ रोज लिहीत होती. निबंधात मात्र ‘स्ट्राँग पेन’ लिहिलं होतं, कारण निबंध म्हणजे काहीतरी वेगळी वस्तू असं तिला वाटत होतं.

मराठीची सोयरीक जशीच्या तशी उचलून इंग्रजीत नेली की चूक होते. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ लिहितो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा परीक्षेला ‘सिट’ करतो. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. तिथं ‘अबाउट’ लागतच नाही. निर्णय ‘घेतो’, पण इंग्रजीत तो बहुधा ‘मेक’ होतो. आणि नर्सिंगच्या मुलींनी खास लक्षात ठेवावं असं: ‘आय पास्ड आउट इन २०१६’ म्हणजे आपल्या लेखी पदवी मिळाली, इंग्लंडमधल्या दवाखान्यात ‘पास्ड आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं. तिथं ‘ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘क्वालिफाइड’ म्हणावं.

अशा चुका दर चार ओळींत एक असतील, तर वर कितीही वाक्प्रचार पेरले तरी उपयोग नाही.

आयर्विन पुलाखालचं पाणी

टास्क वनचं नाव काढलं की मुलं घाबरतात. आलेखाचं वर्णन करायचं, शब्द कुठून आणायचे? आणि मग तिथंही ‘स्काय रॉकेटेड’ वगैरे पाठ केलेलं आणून चिकटवतात.

सांगलीच्या माणसाला हे अवघड जायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं गाव एकच आकडा बघत असतं: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ला धोका पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत आपण काय बोलतो ते आठवा. ‘संथ गतीनं वाढतंय.’ ‘रात्रीतून चार फूट चढलं.’ ‘सकाळपासून स्थिर आहे.’ ‘नदीनं पात्र सोडलं.’ ‘कोयनेतून विसर्ग वाढवलाय.’ ‘इंचाइंचानं उतरतंय.’ ‘ओसरलं एकदाचं.’

हे टास्क वनच आहे. वेळेबरोबर बदलणाऱ्या एका आकड्याचं इतकं बारकं वर्णन करण्यासाठी आपल्याकडे डझनभर क्रियापदं आहेत आणि एकही चुकत नाही. चढणं, थोपणं, उतरणं, ओसरणं यांत घोळ झाला तर कुणीतरी उगाच घर रिकामं करील, किंवा करायला हवं तेव्हा करणार नाही.

मी सिस्टरला सांगितलं, ही वाक्यं मराठीतून लिही आणि समोर इंग्रजी शोध. शब्दाला शब्द नको, प्रसंगाला वाक्य शोध. दोन संध्याकाळी लागल्या. संथ गतीनं वाढलं: ‘रोझ स्टेडिली’. रात्रीतून चढलं: ‘रोझ शार्पली ओव्हरनाइट’. स्थिरावलं: ‘लेव्हल्ड ऑफ’. सर्वांत वर गेलं: ‘पीक्ड अ‍ॅट’. ओसरलं: ‘रिसीडेड’. धरणातून विसर्ग: ‘वॉटर वॉज रिलीज्ड फ्रॉम द डॅम’.

‘नदीनं पात्र सोडलं’पाशी आम्ही अडलो. ‘लेफ्ट द पॉट’ होणार नाही हे तिला कळत होतं. इंग्रजी बातम्यांत बघितलं तर तिथं नदी पात्र सोडत नाही. ती काठ फोडते. ‘द रिव्हर बर्स्ट इट्स बँक्स’. प्रसंग तोच, चित्र वेगळं. त्यांच्याकडेही पूर येतात आणि त्यांनीही त्यासाठी शब्द घडवलेत, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं असं म्हणाली. हा खरा इडियम. पुराच्या बातमीत, निबंधात, गप्पांत, कुठंही बसतो, आणि आपण इडियम आहोत असं ओरडून सांगत नाही.

पुढचं पाऊल म्हणजे या शब्दाचे इतर सोयरे कोण, ते बघणं. मराठीत पूर ओसरतो, गर्दी ओसरते, उत्साह ओसरतो. पगार ओसरत नाही, तो कमी होतो. ‘रिसीड’चंही तसंच: पुराचं पाणी आणि कपाळावरचे केस ‘रिसीड’ होतात, विद्यार्थ्यांची संख्या नाही. तिथं ‘डिक्लाइन’ किंवा ‘फॉल’ हवं. नेमकेपणाचे गुण इथं असतात.

मार्केट यार्डातही असाच खजिना पडलाय. हळदीला चांगला भाव मिळाला: ‘फेच्ड अ गुड प्राइस’. नदीप्रमाणेच इथंही चित्र बदललं: आपल्याकडे मालाला भाव मिळतो, इंग्रजीत माल भाव घेऊन येतो. मागणी पुरी केली: ‘मेट द डिमांड’. भाव पडले: ‘प्राइसेस फेल’. शेतमाल म्हणजे ‘प्रोड्यूस’, क्रियापद नव्हे, नाम. टास्क टूला शेतीवर, व्यापारावर, शहराकडं जाणाऱ्या तरुणांवर प्रश्न आला, तर हळदीच्या सौद्यात वाढलेल्या मुलाजवळ लिहायला विषयही आहे आणि आता शब्दही.

“पण अमक्याला म्हणी घालून सात मिळाले”

ही शंका दर बॅचला येते. उत्तर असं की निकालपत्रावर लेखनाचा एकच आकडा असतो. चार बाजूंपैकी कुठं किती मिळाले ते त्यावर नसतं. मित्राला सात मिळाले ते म्हणींमुळे की म्हणी असूनही, हे त्या आकड्यावरून त्यालाही सांगता येणार नाही. मुद्दे भक्कम असतील, व्याकरण स्वच्छ असेल, तर एखादी विजोड म्हण पोटात घातली जाते. आपण मात्र त्याच्या निबंधातून नेमकी ती म्हण उचलतो, कारण उचलायला तीच सोपी असते.

दुसरी शंका: तपासणारा खूश होणार नाही का? तपासणाऱ्याला त्यासाठी प्रशिक्षण असतं आणि समोर निकष असतात. प्रत्येक बँडचं वर्णन ठरलेलं आहे, त्याला उत्तर त्यात बसवायचं असतं. आणि तीच ठरावीक वाक्यं ज्यानं असंख्य उत्तरांत वाचलीत, त्याला पाठांतर ओळखायला कितीसा वेळ लागणार?

म्हणजे वाक्प्रचार कधीच नकोत?

तसं नाही. जनरल ट्रेनिंगच्या परीक्षेत मित्राला पत्र लिहायचं असेल, तर बोलीतला एखादा वाक्प्रचार शोभतो. बँकेच्या मॅनेजरला लिहिताना नाही. बोलण्याच्या परीक्षेत, म्हणजे समोरासमोरच्या ११ ते १४ मिनिटांच्या संवादात, बोलीतले शब्द आणखी सहज चालतात. तिथल्याही सात बँडच्या निकषात इडियमॅटिक शब्दांचा उल्लेख आहे. गडबड अशी होते की तोंडी परीक्षेसाठी सांगितलेला सल्ला मुलं लेखी परीक्षेत वापरतात.

निबंधातही काही वाक्प्रचार चालतात, फक्त ते यादीतले चमकदार नसतात. ‘इन द लाँग रन’, ‘अ‍ॅट द एक्सपेन्स ऑफ’, ‘टेक समथिंग इंटू अकाउंट’, ‘पेव्ह द वे’, ‘ब्रिज द गॅप’. एखाद्यावर भार टाकणं म्हणजे ‘प्लेस अ बर्डन ऑन’, धोका निर्माण करणं म्हणजे ‘पोझ अ थ्रेट’. अग्रलेख वाचा, प्रत्येक परिच्छेदात असं एखादं सापडेल.

शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी शब्दकोशांत एखादा शब्द बोलीतला, जुनाट किंवा औपचारिक असेल, तर त्याच्यापुढे तशी खूण असते. ऑनलाइन तर हे फुकट बघायला मिळतं. गठ्ठ्यातला कुठलाही वाक्प्रचार वापरायच्या आधी ती खूण बघायची. सिस्टरनं आपल्या साडेतीनशेंपैकी एका रात्रपाळीत चाळीस तपासले. निबंधात चालतील असे त्यात फार थोडे निघाले.

पाठांतराचं काय?

पाठांतर सोडा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पाढे, श्लोक, अभंग असेच पिढ्यान्‌पिढ्या टिकले, आणि भाषा शिकायला पाठांतर लागतंच. पाठ काय करायचं, एवढंच बदलायचं. सुटा वाक्प्रचार आणि पुढे मराठी अर्थ, असं पाठ करू नका. पूर्ण वाक्य पाठ करा, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं. ‘मेक अ डिसिजन: निर्णय घेणे’ यापेक्षा ‘आईनं ऑपरेशनचा निर्णय एकटीनं घेतला’ हे पूर्ण इंग्रजी वाक्य लक्षात राहतं. त्याबरोबर क्रियापदाचा काळ, आर्टिकल, शब्दाची जागा, सगळं आपोआप येतं.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे दिवसभरात ऐकलेलं एक मराठी वाक्य, उजवीकडे तोच प्रसंग इंग्रजी माणूस कसा सांगेल ते, शोधून. दिवसाला तीन पुरे. आठवड्याच्या शेवटी डावी बाजू झाकून नाही, उजवी झाकून बघा: म्हणजे मराठीवरून इंग्रजी यायला हवं, कारण परीक्षेत विचार त्याच वाटेनं येणार आहे. मराठी माध्यमातल्या मुलांना मी मुद्दाम सांगते, विचार मराठीतून आला तर घाबरू नका. तुमच्याकडे सांगायला काहीतरी आहे, त्याला तिकडचं वाक्य शोधायचंय.

“इतकं साधं लिहिलं तर कमी गुण पडणार नाहीत?”

हा प्रश्न सिस्टरनंच विचारला, महिन्याभरानं, तोच वृद्धांच्या देखभालीचा निबंध पुन्हा लिहिताना. ‘किक द बकेट’ काढून तिनं ‘डाय’ लिहिलं होतं. “मॅडम, हे तर पाचवीतलं पोर पण लिहील.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. नुसतं ‘डाय’ लिहून चूक टळते, पण वरचा बँड त्यानं मिळत नाही. साधं आणि नेमकं यांत फरक आहे. मी विचारलं, “तुझ्या वॉर्डात असे आजी-आजोबा कशानं जातात?”

“कशानं म्हणजे, मॅडम, बरे होण्यासारखे असतात. न्यूमोनिया असतो, जखम चिघळलेली असते. आठ दिवस आधी आणलं असतं तर वाचले असते. उशिरा आणतात आणि मग दगावतात.”

“हे इंग्रजीत डॉक्टरांना कसं सांगशील?”

तिला शोधावं लागलं नाही. हे शब्द ती रोज ऐकत होती, केसपेपरवर वाचत होती. वहीत तिनं लिहिलं: ‘मेनी एल्डरली पीपल डाय ऑफ ट्रीटेबल कंडिशन्स सिंपली बिकॉज दे आर ब्रॉट टू हॉस्पिटल टू लेट.’ मग ‘ट्रीटेबल कंडिशन्स’खाली पेन्सिलनं एक रेघ ओढली आणि डावीकडच्या रकान्यात लिहिलं, ‘बरे होण्यासारखे आजार’.